दोघं अठ्ठेचाळीस किलोचे

आलेलं पत्र:

"सर, मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली आई. माझी जुळी पोरं यंदा दहावीला आहेत. थोरला धाकट्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठा. चौथीपासून दोघंही तालमीत जातात. दोन वर्षांपूर्वी चौदा वर्षांखालच्या गटात आपापल्या वजनात दोघंही जिल्ह्यात पहिले आले, पेपरात जोडीनं फोटो आला, शाळेनं गावातून मिरवणूक काढली. गेल्या साली थोरल्याचा खांदा दुखावला म्हणून तो खेळला नाही. यंदा सतरा वर्षांखालचा गट आणि अडचण अशी की दोघांचं वजन सारखं झालंय. थोरला ४८ किलो ३०० ग्रॅम, धाकटा ४७ किलो ९०० ग्रॅम. शाळेकडून एका वजनात एकच पोरगा जातो. वस्ताद म्हणाले, धाकट्याला ४५ किलोच्या गटात घाला. ह्यांनाही ते पटलं. तीन आठवडे झाले, धाकटा रात्रीचा जेवत नाही. पहाटे रेक्झिनचा कोट घालून कॅनॉलच्या कडेनं पळतो. बारशाला माझ्या भावानं दोघांची नावं घालून दोन पेले दिले होते, रोज दोन्ही पेल्यांत दूध असायचं. आता धाकट्याचा पेला फडताळावर पालथाच असतो. थोरला मान खाली घालून जेवतो. परवा रात्री मोरीत आवाज आला म्हणून उठले, तर धाकटा तांब्यातलं पाणी तोंडात घोळवून थुंकत होता. गिळत नव्हता. विचारलं तर म्हणाला, 'चालतंय की आई.' मी म्हटलं, दोघांची कुस्ती लावा आणि जिंकेल त्याला ४८ मध्ये पाठवा, तर हे म्हणतात, भावाभावांत वैर लावू नको. सर, मी काय करू? मला तालमीतलं काही कळत नाही."

ताई,

आधी उत्तर सांगतो. पोरगं रात्री पाणी थुंकत असताना मी लांबण लावणं बरं नाही. धाकट्याला ४५ मध्ये घालू नका. आज रात्रीपासून त्याला पोटभर जेवायला आणि तहान लागेल तेवढं पाणी प्यायला द्या. तो ४८ मध्ये खेळेल आणि थोरला ५१ मध्ये. यात दोघांपैकी कुणालाच उपाशी राहावं लागत नाही. थोरल्याला ४८ साठी ३०० ग्रॅम उतरवायचे होते, तीही कटकट जाते.

तुम्ही लिहिलंय, तालमीतलं मला कळत नाही. मोरीतला आवाज ऐकून तुम्ही उठलात आणि पत्र लिहायला बसलात. माझ्या मते या घरात सध्या तालमीतलं सगळ्यात जास्त तुम्हालाच कळलंय.

आता हे असं का म्हणतो ते सांगतो, म्हणजे ह्यांच्याशी आणि वस्तादांशी बोलताना तुमच्या हाताशी काहीतरी राहील.

धाकट्याला ४७ किलो ९०० वरून ४५ वर आणायचं म्हणजे जवळजवळ तीन किलो. त्याच्या अंगाच्या मानानं सहा टक्के. सकाळ-संध्याकाळ जोर-बैठका मारणाऱ्या, मातीत घाम गाळणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराच्या अंगावर तीन किलो चरबी उतरवायला असते कुठे? तो आधीच काटक. मग उतरतं काय? आधी पाणी, मग मेहनतीनं कमावलेलं मांस. अंगातलं पाणी घटलं की रक्त दाट होतं, हृदयाला जास्त धावावं लागतं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि घाम निघत नाही म्हणून अंग तापत राहतं. रेक्झिनचा कोट तर मुद्दाम हेच घडवून आणतो. आणि हे वय त्याचं हाडं लांबायचं, मिसरूड फुटायचं. या वर्षी शरीराला जे मिळालं नाही ते पुढे सावकाश देऊ म्हटलं तर जमत नाही.

शालेय स्पर्धेत सकाळी वजन होतं आणि त्याच दिवशी कुस्त्या लागतात. पाणी तोडून काट्यावर बसलेलं पोरगं दोन तासांत भरून निघत नाही. म्हणजे ४५ मध्ये धाकटा सगळ्यांत ताकदवान ठरेल हा जो हिशेब मांडलाय, तो कुस्तीच्या निकषावरही चुकतो.

माझ्याकडून घडलेली एक गोष्ट सांगतो. मी एकतीस वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक होतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत जिल्हा स्पर्धेला एक पोरगा घेऊन गेलो होतो. सकाळी काट्यावर तो २०० ग्रॅम जास्त भरला. वजन संपायला पाऊण तास होता. मी त्याला दोन स्वेटर घालायला लावले, मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, तोंडात चिंच दिली आणि थुंकत राहा म्हणालो. वर, "पैलवान आहेस ना?" असंही म्हणालो. वजन बसलं. पहिली कुस्ती त्यानं मारली. दुसरीच्या आधी तो सतरंजीवर बसला होता, मी हाक मारली तर त्याला उठता येईना. दोन्ही हातांची बोटं आत वळली होती आणि सरळ होत नव्हती. मी ती माझ्या हातांनी उघडायचा प्रयत्न केला, लाकडासारखी लागली. सरकारी दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, संध्याकाळी तो बरा झाला. त्याच्या आईनं मला एका शब्दानंही विचारलं नाही. सरांनी केलं म्हणजे बरोबरच असणार, असं तिनं धरलं होतं. तो पोरगा परत कधी तालमीत आला नाही. तुमच्या पत्रातला तांब्या वाचला आणि मला ती बोटं आठवली.

माझ्या त्या विद्यार्थ्याचं थोडक्यात निभावलं. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वजन उतरवता उतरवता कॉलेजचे तीन पैलवान दगावले, महिना-सव्वा महिन्यात तिघे. तापवलेल्या खोलीत, घाम निघावा म्हणून रबरी कपडे घालून मेहनत करत होते. त्यानंतर तिथल्या कुस्तीनं नियम बदलले, असे कपडे आणि तापवलेल्या खोल्या बंद केल्या. तिथल्या हायस्कूलमध्ये आता हंगामाच्या सुरुवातीला पोराची लघवी तपासतात, अंगात पाणी पुरेसं आहे ना ते बघतात, चरबी मोजतात आणि त्यावरून त्यानं कमीत कमी कोणत्या वजनात खेळायचं ते लिहून देतात. मुलाच्या अंगातली चरबी सात टक्क्यांच्या खाली जाईल असं वजन चालत नाही, आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवायचं नाही. धाकट्याच्या बाबतीत दीड टक्का म्हणजे सातशे ग्रॅम, तेही उतरवण्यासारखं काही असेल तर. आपल्याकडे पोरगा काट्यावर बसला की विषय संपतो, म्हणून हे काम घरच्यांना करावं लागतं.

पॅरिस ऑलिंपिक तर तुमच्या घरातही टीव्हीवर चाललं असेल. २०२४. विनेश फोगाट मूळची ५३ किलोतली. त्या वजनाची जागा दुसऱ्या मुलीनं मिळवली होती म्हणून ती ५० मध्ये उतरली. फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. अख्खी रात्र तिनं घाम काढण्यात घालवली होती, हाताशी डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. नंतर तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. जागा भरलेली म्हणून एकानं खाली उतरायचं, ही तुमच्याच घरातली गोष्ट आहे, ताई. फरक एवढाच, ती जाणती बाई होती आणि निर्णय तिचा होता. धाकटा पंधरा वर्षांचा आहे आणि त्याचा निर्णय वस्ताद आणि वडील यांनी मिळून घेतलाय.

आता वर जाण्याचं. ह्यांना सगळ्यात आधी हेच खटकेल, की थोरला ४८ चा पैलवान ५१ मध्ये जाऊन मार खाईल. त्यांना खाशाबांची आठवण करून द्या. त्यांचं गाव गोळेश्वर तुमच्यापासून लांब नाही. कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलोत खेळले, सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला गेले ते ५७ किलोत, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, कांस्य, घेऊन आले. वरच्या गटातून.

जुळ्यांचंच उदाहरण हवं असेल तर रशियाचे बेलोग्लाझोव भाऊ आहेत, सर्गेई आणि अनातोली. लहानपणापासून एकत्र वाढले, एकमेकांशीच सराव केला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये अनातोलीनं ५२ किलोत आणि सर्गेईनं ५७ किलोत सुवर्ण जिंकलं. दोन वर्षांनी जागतिक स्पर्धेत अनातोलीला ५७ मध्ये यायचं होतं. ती तर भावाची जागा. तर सर्गेई ६२ मध्ये गेला. दोघंही एकेक गट वर सरकले आणि दोघांनीही पुन्हा सुवर्ण घेतलं. मला हे फार आवडतं. भावाला जागा करून देताना सर्गेई खाली गेला नाही, वर गेला.

आणि एक जोडी अमेरिकेची, एड आणि लू बॅनक. त्यांची कथा ऐकली तर तुमच्या पोरांना बळ येईल. चौदा भावंडांचं घर, ही दोघं अगदी लहान असताना ते घर जळालं, आईला सगळं झेपेना, आणि पोर्ट जर्विस नावाच्या छोट्या गावातल्या एका कुटुंबानं यांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला दत्तक घेतलं. गावच्या हायस्कूलमध्ये दोघं कुस्ती खेळले, मग आयोवा विद्यापीठात. एकाच संघात दोघं तगडे भाऊ म्हटल्यावर जागेचा प्रश्न यायचाच. लू हेवीवेटमध्ये खेळायचा, स्वतःहून बऱ्याच जड पैलवानांशी, आणि त्या वजनात दोनदा राष्ट्रीय विजेता झाला. एडनं खालच्या वजनांत तीन विजेतेपदं घेतली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये एडला ९० किलोत सुवर्ण, लूला १०० किलोत सुवर्ण.

थोरला ५१ मध्ये गेला म्हणजे लगेच पदक मिळेल, असं मी म्हणत नाही. पहिल्या स्पर्धेत त्याच्यासमोर त्याच्यापेक्षा दोन-अडीच किलो जास्त असलेला पोरगा उभा राहील. कदाचित तालुक्यालाच हरेल. पण या वयातलं पोरगं नीट खाल्लं-प्यालं तर वर्षात काही किलो आपसूक भरतं. आज जे ५१ त्याला जड वाटतंय, ते पुढच्या हंगामात त्याच्या अंगाला बसेल किंवा अपुरंही पडेल. हरलेली कुस्ती त्याला शिकवून जाईल. उपाशी काढलेले तीन आठवडे धाकट्याला काय शिकवतायत?

अजून एक वाट आहे, ती वस्तादांना जरूर विचारा. सतरा वर्षांखालच्या मुलांसाठी शालेय कुस्तीत फ्रीस्टाइलसोबत ग्रीको-रोमनही असते. म्हणजे ४८ किलोच्या दोन जागा. एक भाऊ फ्रीस्टाइलला, दुसरा ग्रीकोला. ग्रीकोत कमरेखाली धरता येत नाही, पायानं डाव मारता येत नाही, पट काढायची, म्हणजे पाय धरून पाडायची, सवय असलेल्या आपल्या पोरांना सुरुवातीला हात बांधल्यासारखं होतं. पण दोघांपैकी ज्याची मिठी घट्ट आणि कंबर मजबूत, त्याला ते जमू शकतं. शिकायला थोडा वेळ लागेल. शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडून यंदाचे प्रवेशाचे नियम मात्र लेखी बघून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

तुमची चाचणी कुस्तीची कल्पना मला वाईट वाटत नाही. ह्यांना वैराची भीती वाटते ती बापाची माया आहे, पण ही पोरं चौथीपासून रोज एकमेकांना पाडतायत. पाठ लागली, उठले, माती झटकली, एकाच सायकलवर घरी आले. वैर कुस्तीतून येत नाही. एकानं खायचं आणि दुसऱ्यानं बघत बसायचं, यातून येतं. तरी गरज पडलीच तर ती कुस्ती आपल्या तालमीत नको, दुसऱ्या गावचा पंच बोलवा, आणि कुस्ती लावण्याआधीच ठरवा की हरलेला कुठे खेळणार. निकालाच्या दिवशी त्याच्या हातात काहीतरी असलं पाहिजे. पण वरच्या दोन वाटा मोकळ्या असताना ही वेळ यावी असं मला वाटत नाही.

आता पोरांविषयी. माझं मन वजनापेक्षा तिकडे जास्त ओढ घेतंय.

खाली जायला धाकटाच का? कारण तो ४०० ग्रॅमनं हलका. आज सकाळी थोरला उशिरा जेवला असता आणि धाकट्यानं दोन पेले पाणी जास्त घेतलं असतं तर हा फरक उलटा झाला असता. ४०० ग्रॅम हे कारण नाही, ताई, निमित्त आहे. खरं कारण हे की धाकट्यानं सोडायचं, हे घरात कधीतरी ठरून गेलंय. कुणी मुद्दाम ठरवलं नसेल. अकरा मिनिटांच्या फरकानं एकाला थोरला म्हणायचं आणि दुसऱ्याला धाकटा, मग नवी सायकल आधी कुणाला, बापाबरोबर बाजाराला कोण, खांदा दुखावला तर घरभर काळजी कुणाची, असं एकेक साठत जातं. तुम्ही पत्रात त्यांची नावंसुद्धा लिहिली नाहीत, थोरला आणि धाकटा एवढंच लिहिलंत. चूक काढत नाही, मीही या उत्तरात तेच केलंय. पण पेल्यावर त्यांची नावं आहेत. घरात काही दिवस त्या नावांनीच हाका मारून बघा.

"चालतंय की" हा शब्द आपल्या भागात फार सोयीचा आहे. ताप आला तरी चालतंय, चप्पल तुटली तरी चालतंय. धाकट्याला चालतंय का, असं विचारलंत तर तो चालतंयच म्हणणार. वेगळं विचारा. "तुला कुठल्या वजनात खेळायचंय?" आणि हे विचारताना थोरला जवळ नको, वडील नकोत. डेअरीला दूध घालायला जाताना त्याला सोबत घ्या, चालता चालता विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर गप्प राहा. कदाचित तो म्हणेल, मला ४८ मध्येच खेळायचंय. कदाचित म्हणेल, मला यंदा खेळायचंच नाही. तेही ऐकून घ्या. तीन आठवडे उपाशी राहिलेल्या पोराचं ते उत्तर थकव्याचंही असू शकतं, म्हणून त्यावर लगेच काही ठरवू नका. पंधरा दिवस खाऊ घालून पुन्हा विचारा.

आणि थोरला. तो मान खाली घालून जेवतो, हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला धाकट्याच्या पाण्याइतकंच लागलं. त्याला घास गिळवत नाहीये. भाऊ आपल्यासाठी उपाशी आहे हे त्याला रोज ताटावर बसल्यावर दिसतं आणि बोलायची सोय नाही. ५१ ची गोष्ट त्याला तुम्ही स्वतः सांगा. मला वाटतं, तो सुटकेचा श्वास टाकेल.

वस्तादांकडे शक्यतो दोघांनी मिळून जा. ह्यांनी नाही म्हटलं तर तुम्ही एकट्या जा, तालमीच्या दारात उभ्या राहा, वस्ताद बाहेर येतील. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. त्यांनी आठवीतल्या पोरांना जिल्ह्याचे विजेते केलंय, त्यांचा मान आहे. एवढंच म्हणा, "वस्ताद, पोरगं रात्री पाणी तोंडात घेऊन थुंकतंय. त्याला ४८ लाच ठेवा, थोरल्याला ५१ ला न्या. हरले तर आम्ही तुम्हाला बोल लावणार नाही." शेवटचं वाक्य विसरू नका. पुष्कळ वेळा वस्ताद पालकांच्या पदकाच्या हट्टापायी वजन पाडायला लावतात. तुमच्याकडून तो हट्ट नाही हे कळलं की त्यांनाही मोकळं वाटेल. दहावीच्या सवलतीच्या गुणांचा विषय निघाला तर सांगा, मार्चपर्यंत अभ्यासाला बसायला डोकं ठिकाणावर लागतं आणि उपाशी पोटी ते राहत नाही.

या आठवड्यात धाकट्याला एकदा डॉक्टरांना दाखवा आणि तीन आठवड्यांत काय काय केलं ते त्यांना लपवाछपवी न करता सांगा. चक्कर येत असेल, पायात गोळे येत असतील, लघवी गडद पिवळी होत असेल किंवा छातीत धडधडत असेल तर आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या. आणि तो रेक्झिनचा कोट घरातून काढून टाका, माळ्यावर नको, घरातूनच.

खाण्याचं फार अवघड करू नका. भाकरी, उसळ, भात, शेंगदाणे, अंडी चालत असतील तर अंडी, दूध, दोघांच्या ताटात सारखं. बदामाची थंडाई झेपत नसेल तर नसू दे. धाकट्याचं पोट आक्रसलं असेल, पहिले दोन-तीन दिवस थोडं थोडं, पण तीन-चार वेळा द्या. त्याचा पेला आज फडताळावरून उतरवा, धुवा आणि थोरल्याच्या पेल्याशेजारी ठेवा. पहिल्या दिवशी अर्धाच भरा.

महिन्यानं दोघांची वजनं मला कळवा, आणि दोघांची नावंही.